धुऊन आणलेली गाडी

गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं. नर्सरी चालवणाऱ्या रोपवाल्याने सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. फक्त बायकोच्या बाजूचं काढलं होतं, कारण त्यावरून ती घसरायची आणि घसरली की तिच्या कंबरेत चमक निघायची. तिच्या कंबरेसाठीच तर ही पिकअप दारात आली होती. जुना टेम्पो रोपं न्यायला उत्तम होता, कुंड्या काही तक्रार करत नाहीत. पण मणक्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला त्यात बसवून शहरातल्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे दर खड्ड्याला तिची माफी मागायची. म्हणून नवी गाडी घेतली. मऊ सीट, नवे टायर, सगळं कसं टकाटक.

आणि ही टकाटक गाडी हायवेवर नव्वदला पोचली की थरथरायला लागायची.

थोडीथोडकी नाही. आधी स्टिअरिंग हातात गुणगुणायचं, मग नाचायचं, आणि डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा सरकत सरकत कडेला यायचा. शेजारी बायको दाराची मूठ घट्ट धरून डोळे मिटायची. "हळू घ्या हो," एवढंच म्हणायची. तो हळू घ्यायचा. मागचे ट्रक हॉर्न वाजवून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुढे निघून जायचे. हळू घेतली की तिला बरं वाटायचं. निदान ती तसं म्हणायची.

डॉक्टर मोठे होते, पण वाईट नव्हते. त्यांनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरून दोघांना दाखवली. "ऑपरेशन छान झालंय. सगळं जागच्या जागी आहे. दुखायला नको खरं तर."

बायकोला लाजल्यासारखं झालं. आपण दुखतंय म्हणतो म्हणजे डॉक्टरांच्या कामाला नावं ठेवतो, असं तिला वाटत असावं. ती म्हणाली, "घरी सोसवतं हो. गाडीत सहन होत नाही. आमची गाडी थरथरते ना."

"मग आधी गाडी दुरुस्त करा!" डॉक्टरांनाही हायसं वाटलेलं दिसलं. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "थरथर गेल्यावरही दुखत राहिलं, तर मात्र माझ्या हातात फारसं काही नाही, ताई. मग त्यातच दिवस काढायला शिकायचं. पण तशी वेळ येणार नाही."

हे दोघांनी ऐकलं आणि यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं. त्या दिवसापासून घरातलं सगळं दुखणं गाडीच्या नावावर जमा झालं. रात्री कूस वळताना ती कण्हली तरी दुसऱ्या दिवशी म्हणायची, "परवाच्या प्रवासाने अंग आंबलंय अजून." शेजारणीने विचारलं तर म्हणायची, "गाडीचं तेवढं काम झालं की मी ठणठणीत." रोपवाल्यालाही ते पटलं होतं. गाडी दुरुस्त करता येते. निदान ती दुरुस्त करणारी माणसं असतात.

माणसं होती, पण गुण येत नव्हता. हायवेलाच लागून कंपनीचं वर्कशॉप होतं. तिथला फोरमन धिप्पाड, शर्टाची बटणं ताणलेला, आणि कामाला खरा माणूस. तो शेजारच्या सीटवर बसायचा, पंजा डॅशबोर्डवर पसरून ठेवायचा आणि म्हणायचा, "चला काका, पळवा." रोपवाला पळवायचा. ऐंशी, नव्वद, शंभर. गाडी लोण्यासारखी जायची. कसली थरथर न् कसलं काय.

"कुठे आहे?" फोरमन विचारायचा.

"आत्ता नाहीये. पण असते हो. शपथेवर सांगतो."

तरी फोरमनने हयगय केली नाही. चारही चाकं काढून मशीनवर फिरवली, बॅलन्स बरोबर. अलाइनमेंट बरोबर. मागची चाकं पुढे आणि पुढची मागे घातली. खाली शिरून मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट हलवून पाहिला, घट्ट. वर्कशॉपमधून निघालेली गाडी घरापर्यंत शहाण्या मुलीसारखी यायची. पुढच्या खेपेला बायकोला घेऊन दवाखान्याला निघालं की नव्वदला पुन्हा तेच. फोरमन आता त्याला लांबून येताना पाहिलं की चहा घ्यायला आत जायचा.

मेव्हणा म्हणजे आणखी एक. बायकोचा धाकटा भाऊ, स्वतःची सायकलही नाही, पण गाड्यांतलं सगळं कळतं असा उंटावरचा शहाणा. "भाऊजी, वहम आहे तुमचा," तो म्हणायचा. "जुन्या टेम्पोची सवय. गाडी थरथरली नाही तर तुम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होत असेल." रोपवाल्याने त्याच्या हातात खताचं पोतं दिलं आणि ते गोदामात ठेवायला सांगितलं. त्यानंतर मेव्हणा दोन दिवस फिरकला नाही.

पण भुंगा डोक्यात शिरला तो शिरलाच. नव्वदला आपलेच हात थरथरतात की काय, म्हणून त्याने एकदा घरी टेबलावर दोन्ही हात ठेवून बराच वेळ पाहिलं. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय शोधताय?" तो म्हणाला, "काही नाही."

तर त्या दिवशी दवाखान्याला निघाले. आदल्या संध्याकाळी रोपांना भरपूर पाणी सोडलं होतं. नर्सरीतली वाट म्हणजे काळी चिकणमाती, चप्पल अडकली तर पायच बाहेर यावा अशी. त्यातून गाडी काढली आणि हायवेला लागले. नव्वदच्या आसपास थरथर सुरू झाली. या वेळी बायको नुसते डोळे मिटून राहिली नाही. ती ओरडली. "थांबवा! थांबवा हो!" इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला अशी ओरडताना ऐकलं नव्हतं. पुढेच वर्कशॉपचं फाटक होतं. त्याने काही विचार न करता गाडी आत घातली.

आत आल्यावर त्याचं गाडीकडे लक्ष गेलं आणि त्याही परिस्थितीत त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिखलाने बरबटलेली गाडी घेऊन तो इथे कधीच आला नव्हता. दाखवायला न्यायची तर धुऊन न्यायची, हा त्याचा शिरस्ता. वाटेवरच्या धुलाईवाल्याकडून जोराच्या फवाऱ्याने वरून, खालून, चाकांच्या आतून, अशी लख्ख धुऊन तो आणायचा. फोरमनने एकदा सगळ्यांसमोर त्याचं कौतुकही केलं होतं, गिऱ्हाईक असावं तर असं.

"माफ करा," तो म्हणाला, "आज धुवायला जमलं नाही. ही फार कळवळतेय."

फोरमनने बायकोकडे पाहिलं आणि चहाबिहा सगळं सोडून गाडी लिफ्टवर चढवली. ती बिचारी गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर बसू शकली नाही, सोफा फार खोल होता. भिंतीला टेकून काचेतून बघत राहिली. फोरमनने एक चाक हाताने फिरवलं. ते डुलत फिरलं आणि एकाच जागी येऊन थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच. मग त्याने रिमच्या आतल्या बाजूला हात घातला आणि ओढून काहीतरी बाहेर काढलं. ताटलीएवढी मातीची खपली. वाळून दगड झालेली, वर ताजा थर. दुसऱ्या चाकात तशीच. तिसऱ्यात तर दोन.

फोरमन खपली हातात घेऊन उभा राहिला. "काका," तो म्हणाला, "तुम्ही दर वेळी रोग धुऊन टाकून मग पेशंट आणत होता."

मग तो असा हसला की पलीकडच्या गाडीखालचा मेकॅनिकही बाहेर आला. रोपवालाही हसला. हसता हसता त्याला रडू फुटेल असं वाटलं. एवढासा चिखल! आणि एवढे महिने तिने सोसलं, ते आपल्या टापटिपीपायी. तो काचेआड तिच्याजवळ गेला आणि ती मातीची खपली तिला दाखवली. ती म्हणाली, "हेच का ते मेलं?" आणि कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. "आता डॉक्टरांना काय सांगायचं? आमच्या मातीचा गुण म्हणून?"

चाकं आतून बाहेरून साफ झाली. फोरमनने स्वतः एक फेरी मारून आणली आणि किल्ली देताना तिला म्हणाला, "काकू, आता झोप लागेल गाडीत." तिने त्याला दोनदा धन्यवाद दिले. रोपवाल्याने तिला हाताला धरून सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला, आणि ते हायवेला लागले.

तो जरा जास्तच बोलत होता. नर्सरीतल्या वाटेवर फरशी टाकून घेऊ म्हणाला. दवाखान्यातून आलं की तिच्या बहिणीकडे जाऊ, किती दिवस राहिलंय म्हणाला. ऐंशी झाले. नव्वद झाले. स्टिअरिंग हातात इतकं शांत होतं की त्याने मुद्दाम बोटं सैल सोडून पाहिली. चष्मा ठेवल्या जागेवरून हलला नाही. गाडीत फक्त वाऱ्याचा आवाज होता. त्याला गाणं म्हणावंसं वाटलं.

त्याने बाजूला पाहिलं. तिने दाराची मूठ धरली होती. डोळे मिटले होते, आणि ओठ आत ओढून दाताखाली दाबले होते.

त्याने गाडी ऐंशीवर आणली, मग सत्तरवर. तिची मूठ सुटली नाही. काय करावं ते त्याला कळेना. फिरवायला चाक नव्हतं, काढायला माती नव्हती, विचारायला फोरमन नव्हता. त्याला भयंकर भीती वाटत होती.

"अहो," तिने डोळे न उघडता विचारलं, "अजून थोडी थरथरतेय का हो?"

त्याने स्टिअरिंगकडे पाहिलं. ते जराही हलत नव्हतं.

"हो," तो म्हणाला, "आहे थोडी. उद्या परत नेऊन दाखवतो."

"हं," ती म्हणाली. "वाटलंच मला."