अहवालात नसलेली ओळ

हेल्प डेस्कवर मी नऊ वर्षं काढली. त्या नऊ वर्षांत सर्वांत जास्त वेळा बोललेलं वाक्य म्हणजे, "एकदा बंद करून परत चालू करून बघता का?" त्यावरून अख्ख्या बिल्डिंगने माझं नाव ‘रीस्टार्टबाई’ पाडलं होतं. लिफ्टमध्ये लोक म्हणायचे, "रीस्टार्टबाई, आमचे साहेब हँग झालेत, काही करता येईल का?" मी हसायचे. लोक चिडतात कॉम्प्युटरवर आणि ओरडतात आपल्यावर, हे एकदा अंगवळणी पडलं की हसणं जमतं.

शेजारच्या खुर्चीवर मावशी बसायच्या. नात्याने त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण छप्पन्न वर्षांच्या, पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर बाळगणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? काम मला त्यांनीच शिकवलं. "समोरचा ओरडत असला ना, की आधी त्याला संपू दे," त्या सांगायच्या. "मशीन कुठे पळून जात नाही."

आमच्याकडून न सुटणाऱ्या तक्रारी वर नेटवर्कवाल्यांकडे जायच्या. तिथे त्यांचं काय होतं, ते आम्हाला कधी कळायचं नाही. ‘सुटली’ एवढाच शेरा परत यायचा. मला ते कळून घ्यायचं होतं. बाबा टेलिफोनचे लाइनमन होते, त्यांचं आयुष्य खांबावर चढण्यात गेलं. तार कुठून निघाली आणि कुठे पोचली, याची उत्सुकता बहुतेक त्यांच्याकडूनच आली असावी. मी नेटवर्किंगच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. दुपारी फोन कमी असले की मावशी म्हणायच्या, "जा, आत बसून तासभर वाच. तुझे फोन मी घेते." पहिल्यांदा मी नापास झाले, दुसऱ्यांदा पास. निकालाच्या कागदाची झेरॉक्स काढून मावशींनी ती त्यांच्याच टेबलाच्या काचेखाली सरकवली.

नेटवर्कचे साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. मी दोनदा अर्ज केला, दोनदा त्यांनी गोड बोलून वाटेला लावलं. "तुम्ही फोनवर इतक्या छान बोलता, तिथून तुम्हाला उचलून आम्ही आमचंच नुकसान करून घेऊ का?" तिसऱ्यांदा त्यांचा एक माणूस सोडून गेला होता, तेव्हा त्यांनी मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं.

चौथ्या महिन्यातल्या एका गुरुवारी, पावणेअकराच्या सुमाराला, सगळी बिल्डिंग ठप्प झाली. कॉम्प्युटर, प्रिंटर, फोन, सगळं एकदम. साहेब बाहेर मीटिंगला होते. मी सर्व्हर रूममध्ये एकटी, आणि समोर सगळ्या केबल जोडणाऱ्या स्विचचे दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. डोकं मात्र आश्चर्य वाटावं इतकं शांत होतं. आधी कोणता मजला बंद पडला, मग कोणता, हे मी बघत गेले. तिसऱ्या मजल्यावर कुठेतरी एकाच केबलची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये गेली होती. म्हणजे आत गेलेला संदेश फिरून परत आतच, आणि त्याचे हजारो, लाखो होत सगळी वाट तुंबलेली.

मी धावत खाली गेले. तिसऱ्या मजल्यावर एका टेबलाची जागा बदलायची होती, आणि टेबलाखाली गुडघ्यांवर बसलेल्या होत्या मावशी. मी एक टोक उपटलं. दोन मिनिटांत बिल्डिंगचा जीव भांड्यात पडला.

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी केलं का गं हे? मोकळं टोक लोंबत होतं, मला वाटलं निघालंय, म्हणून लावलं."

"नाही हो मावशी," मी म्हटलं. मी त्यांची समजूत काढत नव्हते. एवढ्याशा चुकीने बिल्डिंग झोपत नाही. अशी केबल लागली की स्विच आपणहून ते सॉकेट बंद करतो. तेवढ्यासाठीच तर त्यात संरक्षण असतं. मग ते चाललं का नाही?

वर जाऊन मी नोंदी उघडल्या. सोमवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं: संपूर्ण बिल्डिंगचं संरक्षण बंद. बंद करणाऱ्याचं लॉगिन साहेबांचं. त्या दिवशी नवे कॅमेरे बसवत होते, त्यात या सेटिंगची अडचण होत असणार. साहेबांनी ते काढलं आणि परत लावायला विसरले.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या ‘सुटली’ या शेऱ्यावर जगलेल्या मला पहिल्यांदा मुळापर्यंत जाता आलं होतं. साहेब आल्या आल्या मी त्यांना ते दाखवायला गेले.

त्यांनी दार लावून घेतलं. स्क्रीनवरची नोंद वाचली.

"हे आणखी कुणाला दाखवलंय?"

"नाही."

"केबल कुणी लावली?"

"मावशींनी. पण साहेब, संरक्षण चालू असतं तर..."

"केबल लावली, हे खरं आहे ना?"

"हो."

"मग तेवढं लिहा. खोटं लिहा असं मी कुठे म्हणतोय?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमचे सहा महिने कधी पूर्ण होतायत?"

अहवाल मी लिहिला. सात वाक्यं होती. वेळ, मजला, सॉकेटचा नंबर, केबल लावणाऱ्या व्यक्तीचा विभाग, दुरुस्तीला लागलेली मिनिटं. सातही वाक्यं खरी होती. आठवं वाक्य मी लिहिलं नाही. संरक्षण साहेबांनी स्वतःच परत चालू केलं, आणि अळीमिळी गुपचिळी.

संध्याकाळी घरी बाबांना मी सगळा प्रकार रंगवून सांगितला. ते खूश होऊन ऐकत होते. मग म्हणाले, "पण अशा वेळी आपोआप तुटायची काहीतरी सोय असेल की. आमच्याकडेसुद्धा फ्यूज असायचा."

"असते," मी म्हटलं. "आज चालली नाही."

"का?"

"माहीत नाही, बाबा." आणि मी भाजी चिरायला घेतली.

मावशींचं काम वर्षावर्षाच्या करारावर होतं. पुढच्या महिन्यात करार संपला, आणि तो वाढवला नाही. कारण कागदावर कुठेच नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, बिचारीचं नशीब." मी चहा संपवून वर गेले. शेवटच्या दिवशी मावशी वर मला भेटायला आल्या. "तुझ्या पहिल्याच मोठ्या कामात माझ्यामुळे घोळ झाला बघ," त्या म्हणाल्या. "मनात ठेवू नकोस."

सहा महिने पूर्ण झाले आणि मी कायम झाले. आता कुठलाही बिघाड झाला की साहेब म्हणतात, "अहवाल तुम्हीच लिहा, तुमच्या लिहिण्यात फापटपसारा नसतो." काम मला येतं. चांगलं येतं. आणि मी परीक्षेसाठी आत वाचत बसायचे तेव्हा माझे फोन कुणी घेतले, हे मला रोज आठवतं असंही नाही. कधीकधी आठवतं.

वर्षभराने बाबांचे डोळे तपासायला मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. नंबर लावायच्या खिडकीत मावशी बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "अगं, तू! बस बस." मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवून हसल्या. "याची वायर निघाली तरी मी हात लावत नाही हो आता. वॉर्डबॉयला बोलावते. एकदा अद्दल घडली ती पुरे."

ज्या बाईच्या पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर असायचा, ती हे बोलत होती. माझ्याने राहवलं नाही. मी खिडकीशी वाकून सगळं सांगितलं: सोमवार, चार वाजून बारा मिनिटं, साहेबांचं लॉगिन.

त्या ऐकत राहिल्या. हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं.

"तुला कधी कळलं हे?"

"त्याच दिवशी."

"त्याच दिवशी," त्या म्हणाल्या.

मागे फोन वाजला. त्यांनी तो उचलला, पलीकडचं बोलणं पूर्ण होऊ दिलं, वेळ दिली, वहीत लिहिलं. मग माझ्याकडे न बघता बाबांचा कागद पुढे सरकवला. "यांच्या डोळ्यांत थेंब घालतील. अर्धा तास डोळे मिटून इथेच बसवा."

तो अर्धा तास आम्ही खिडकीच्या अगदी समोरच्या बाकावर बसलो. मावशी एकेकाचं नाव पुकारत होत्या. बाबा डोळे मिटून शेजारच्या माणसाला सांगत होते, "ही माझी मुलगी. नेटवर्क इंजिनिअर आहे. सगळं स्वतःच्या हिमतीवर केलं हो हिने. कुणाचा हातभार म्हणून लागला नाही."

मी त्यांना थांबवलं नाही.