दहाव्या खिळ्यावर कोण?

कल्पना करा, मित्रांनो, की तुमच्या छातीत एकाखाली एक दहा खिळे ठोकले आहेत आणि दर रविवारी त्यांवर दहा मुलांची नावं टांगली जातात. सगळ्यात वर गावाचा लाडका. सगळ्यात खाली गावाने ओवाळून टाकलेला. तुम्हाला तोंड उघडता येत नाही. ऊन, गारा आणि पोरांनी थुंकलेली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं अंगावर घेत नुसतं उभं राहायचं. जमलं? मग तुम्ही मीच झालात. मी नेब्रास्कातल्या डनमोर गावच्या बेसबॉल मैदानावरचा जुना लाकडी धावफलक.

मला अँटन सेडलाचेक नावाच्या सुताराने एका पडक्या गोठ्याच्या फळ्यांतून घडवलं. त्याने मला तीन खिडक्या ठेवल्या: धावा, फटके आणि चुका. "माणसाला एवढं कळलं की पुरे," असं म्हणून तो पाइप पेटवून निघून गेला. पुरे नव्हतं. पण मला कोण विचारतो?

सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. लोक गाडीतून उतरले की आधी माझ्याकडे बघत. मग माझा हिरवा रंग उडाला, चिमण्यांनी माझ्या पाठीत घरटी केली आणि पोरं नेम धरून माझ्यावर चेंडू मारू लागली. कोणी एक ब्रशसुद्धा फिरवला नाही. हातोडा मात्र आठवणीने आणला. तो आणणाऱ्याचं नाव लेस्टर हॅस्केल. गुरांच्या खाद्याचं दुकान चालवायचा आणि मुलांच्या संघाचा कोच होता.

माझ्या अंगावरचे दहा खिळे त्याचेच. दर रविवारी मॅच संपली की तो शिडी लावायचा आणि फलंदाजीच्या सरासरीप्रमाणे, म्हणजे कोण किती वेळा फटका मारून बेसवर पोहोचला त्यावरून, पाट्या टांगायचा. हंगाम संपताना ज्याची पाटी दहाव्या खिळ्यावर असेल, तो मुलगा जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार नाही, असा त्याचा नियम. खेळायला नऊच लागतात आणि आपल्या पिकअप गाडीत दहावा मावत नाही, असं तो सांगे. वरच्या खिळ्यावर कायम त्याच्या मुलाची, डुएनची पाटी. आणि दहाव्यावर ओरिन क्युबिकची.

ओरिन बारा वर्षांचा, काटकुळा. त्याची एकच खोड होती. वाईट चेंडूला तो बॅट लावतच नसे. बेसबॉलमध्ये चार बेस, म्हणजे चार टप्पे, फिरून घरी परतलं की एक धाव होते; आणि पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार चेंडू वाईट टाकले, की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. ओरिनला तो सारखा मिळायचा. पण सरासरी काढताना ही फुकटची खेप कोणी धरतच नाही, आणि माझ्याकडे तिच्यासाठी खिडकी नाही. म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव ठेवलं फुकट्या.

"ए फुकट्या, पिचर तुझा मामा लागतो का रे?" हॉलिस ब्रॅट ओरडायचा. हॉलिस अंगाने रेड्यासारखा. त्याने एकदा ओरिनच्या हातमोज्यात शेण भरून ठेवलं होतं. तो नवव्या खिळ्यावर असे, त्यामुळे आपल्या खाली कोणीतरी आहे याची त्याला रोज खात्री करून घ्यावी लागे.

"बॅट कशाला आणलीस?" कोच विचारायचा. "पाठ खाजवायला?"

बाकावरच्या आया-बापांना हसू आवरत नसे. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण त्या हसण्याने माझ्यासुद्धा फळ्या तडकायच्या.

मग आला हंगामातला शेवटचा रविवार. सहाच दिवसांवर स्पर्धा. त्या दिवशी आम्ही हरलो. माझ्या खिडक्यांत आमचे नऊ फटके होते आणि धावा दोन. पाहुण्यांचे फटके पाच आणि धावा सहा.

हॅस्केलने टोपी जमिनीवर आपटली. "नऊ फटके मारून हरता? लाज वाटते का? डुएनने एकट्याने तीन मारले! आणि हा बघा, आमचा पुतळा! दिवसभर उभा!"

"कोच," ओरिन म्हणाला, "त्यांनी पाच फटक्यांत सहा धावा कशा काढल्या?"

"नशीब!"

"नाही. त्यांची पोरं थांबत होती. सहा जण फुकटात बेसवर गेले. मग एकाने लांब मारला, की आधी उभे असलेले सगळे घरी. आपल्या डुएनने मारले तेव्हा बेसवर कोणीच नव्हतं."

"तू आता मला खेळ शिकवणार?"

"फटके संपले म्हणून मॅच संपत नाही, कोच. आपले सगळे बाद मोजून झाले की संपते. जो बाद होत नाही तो संघाला आणखी एक संधी देतो. मग तो कसा का बेसवर जाईना!"

डुएन हसला. "फुकट्याला पिकअपमध्ये बसायचंय, बाबा. म्हणून ही वकिली."

"हो, बसायचंय," ओरिन म्हणाला. "का बसू नये?"

हॅस्केलने बाकांकडे पाहिलं. लोक घरी जायचे थांबले होते. ओरिनचं हसं करायची इतकी चांगली संधी तो कशी सोडेल? त्याने हंगामाच्या नोंदींचा कागद ओरिनच्या छातीवर दाबला. "चढ, प्राध्यापक! तुझ्या मापाने लाव पाट्या. तू लावशील तशा राहतील, हा माझा शब्द. लोकांनाही कळू दे तुझी अक्कल."

ओरिन शिडी चढला. सगळे जवळपास सारख्याच वेळा, चाळीस वेळा, बॅट घेऊन उभे राहिले होते. त्याने एकेकाचं नाव घेऊन मोठ्याने सांगायला सुरुवात केली.

"डुएन. तेरा फटके आणि एकदा फुकट. म्हणजे चाळीसपैकी चौदा वेळा बेसवर, सव्वीस वेळा बाद. मी. फटके पाचच, पण पंधरा वेळा फुकट. वीस वेळा बेसवर, वीस वेळा बाद."

"स्वतःचीच पाटी वर! वा रे वा!" बाकावरून कोणीतरी ओरडलं.

"मग तुम्ही मोजा की!" ओरिनने कागद खाली धरला. कोणी हात पुढे केला नाही. पण एक बाई बोटांवर काहीतरी मोजू लागली आणि तिचं हसणं थांबलं.

पाट्या हलल्या. ओरिनची पाटी पहिल्या खिळ्यावर गेली. डुएनची घसरत नवव्यावर आली. दहाव्यावर उरला हॉलिस. चाळीस वेळांत नऊ फटके आणि फुकटचा बेस एकही नाही, कारण हा गडी डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूलासुद्धा बॅट फिरवायचा.

हॉलिसचा चेहरा बिटासारखा लाल झाला. "खाली ये तू," तो म्हणाला. "फक्त खाली ये. दात गोळा करायला लावतो तुला."

हॅस्केल मात्र एकदम मऊ झाला होता. त्याचा पोरगा नवव्यावर का होईना, गाडीत होता. "ठीक आहे, ठीक आहे," तो हात झटकत म्हणाला. "शब्द तो शब्द. हॉलिस, पुढच्या वर्षी बघू. उतर रे क्युबिक, झालं तुझं."

मित्रांनो, इथे क्षणभर थांबा. ओरिनला हवं ते मिळालं होतं. ज्याने शेण भरलं तो घरी बसणार होता, आणि कोचसुद्धा खूश होता. उतरून जायला काय हरकत होती? तुम्ही उतरला असतात का? खरं सांगा. मी असतो तर सुसाट उतरलो असतो.

पण माझ्या उजव्या अंगाला एक मोठी चीर आहे. ती हॉलिसने बॅटने फटकावलेल्या चेंडूने पडली. तो चेंडू सरळ हवेतून येऊन माझ्यावर आदळला होता. ओरिनचं तोंड त्या चिरेपासून वीतभर अंतरावर होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं, आणि त्याचे ओठ पुटपुटू लागले.

मला साफ करा, रंग द्या, माझ्या पाठीतली घरटी पिल्लं उडाल्यावर काढा, हे मी तुमच्याकडे मागणारच आहे. पण त्याआधी एक मागतो. माझ्यासारख्या फलकाकडे बघून कोणाला शहाणा, कोणाला ढ ठरवू नका. माझ्यावर जे दिसतं ते खरं असतं, पण ते अर्धंच असतं. याच्याकडे कोणती खिडकी नाही, एवढं एकदा विचारा. आणि ती खिडकी तुमच्या फायद्याची निघाली, की लगेच दुसरं विचारायचं थांबवू नका.

"उतर म्हटलं ना!" हॅस्केल ओरडला.

"अजून झालं नाही, कोच. हे मापही अर्धंच आहे," ओरिन म्हणाला. "एका बेसचा फटका आणि कुंपणापलीकडचा फटका, दोन्ही मी एकच धरले. हॉलिसचे नऊ फटके आहेत. त्यातले चार कुंपणापलीकडचे होम रन, चार-चार बेसचे, म्हणजे सोळा बेस. चार दोन-दोन बेसचे, ते आठ. एक साधा. पंचवीस झाले. माझे सगळे मिळून वीस."

हॉलिसने तोंडातल्या बिया थुंकायच्या थांबवल्या.

"आणि डुएनचे?" त्या बोटांवर मोजणाऱ्या बाईने विचारलं.

"तेराही फटके एकेक बेसचे. एक फुकटचा. चौदा."

"क्युबिक," हॅस्केलचा आवाज खाली आला होता. त्याने शिडीचा दांडा धरला. "पोरा, तू पहिला आहेस. गाडीत आहेस. आणखी काय पाहिजे तुला?"

ओरिनने पहिल्या खिळ्यावरची आपली पाटी काढून दुसऱ्यावर लावली आणि तिच्या जागी हॉलिसची लावली. मधल्या पाट्याही नव्या मापाने हलवल्या. मग हॅस्केल शिडी हलवत असतानाच ओरिनने एका हाताने मला घट्ट धरलं, आणि दुसऱ्या हाताने डुएनची पाटी उचलून दहाव्या खिळ्यावर टांगली.