इसारात अडकलेले दोघे

बेकरीवाल्याने घर ठरवलं, सौदा पक्का राहावा म्हणून इसार दिला आणि आठवड्यातच त्याच्या साडूने बरोब्बर समोरचं घर भाड्याने घेतलं. साडू कसा, तर जन्मभर पाव भाजणाऱ्याला पाव कसा भाजावा ते शिकवणारा. रोज सकाळी दार उघडलं की ते तोंड दिसणार, या विचाराने बेकरीवाल्याची झोप उडाली.

पण नाही म्हणायची सोय नव्हती. इसाराचे पैसे बायकोने नव्या भट्टीसाठी पोटाला चिमटा काढून साठवलेले. आणि दलालाने करारातलं एकच कलम वाचून दाखवलेलं: घेणारा फिरला तर इसार बुडाला, विकणारा फिरला तर दुप्पट परत. याने स्वतः करार का वाचला नाही म्हणाल, तर चष्मा होता खिशात. समोर विकणारे मास्तर, वयाने मोठे, तरी बिनचष्म्याचे ऐटीत बसलेले. मग हा कसला काढतोय? दलालाने बोट ठेवलं तिथे दोघांनी सह्या ठोकल्या.

"मास्तरांनाच नको म्हणायला लावतो," असं म्हणून तो बायकोला घेऊन पुन्हा घर बघायला गेला.

अंगणातला पेरू मास्तरांनी स्वतः लावून वाढवलेला. बेकरीवाल्याने तिथूनच सुरुवात केली. "हे झाड आधी तोडणार. कोंबड्या पाळायच्यात."

मास्तरांनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. "उत्तम. फक्त छप्पर गळतं हो. नेमकं पलंगावर."

"मला गारव्यातच झोप लागते. ही भिंत पाडून बैठकीत भट्टी टाकू म्हणतो."

"टाका की. वाळवीने अर्धी पाडलीच आहे. आणि माळ्यावर रात्री कोणीतरी चालतं."

"चालू दे, तेवढीच सोबत."

दोघेही हसत होते आणि दोघांनाही घाम फुटला होता. विकणारा माणूस आपल्याच घराला नावं का ठेवतोय, हे काही बेकरीवाल्याच्या डोक्यात शिरेना. बायकोच्या शिरलं. तिने पिशवीतून करार काढला, नवऱ्याच्या खिशातला चष्मा आपल्या नाकावर चढवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं.

"मास्तर, तुम्हाला घर विकायचं नाहीये ना?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "लेकाकडे राहायला जाणार होतो. आता सूनबाई म्हणतात, तुम्ही रोज वाजवता ते व्हायोलिन इथे आणायचं नाही. पण दुप्पट पैसे आणू कुठून, बाई?"

"आम्हालाही घ्यायचं नाहीये. हे शेवटचं कलम बघा. दोघांच्या मर्जीने सौदा मोडला, तर इसार जसाच्या तसा परत. एकमेकांसमोर चष्मा लावायला लाजलात, म्हणून हा सगळा घोळ."

मास्तरांनी निमूटपणे खिशातून आपला चष्मा काढला. कलम वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. सह्या झाल्या, कपाटातलं पैशांचं पाकीट परत मिळालं, वर पिशवीभर पेरूही मिळाले.

फाटकाबाहेर पडताच बेकरीवाल्याचं तोंड फुगलं.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं.

"म्हणजे छप्पर, वाळवी, सगळ्या थापाच की. घर चांगलंच होतं. साडूचं काय एवढं, खिडकीला पडदा लावला असता." आणि तो खरोखरच मागे वळला.

बायकोने पाकीट त्याच्या हातातून घेऊन कमरेला खोचलं आणि समोर बोट दाखवलं. साडू दारात उभा होता. हातात याच्याच बेकरीचा पाव होता आणि तो दाबून बघत मान हलवत होता.

बेकरीवाला घरी पोहोचेपर्यंत मागे बघायला थांबला नाही.