दगडाने झिजवलेली चटई

मी एक जुनी चटई आहे, मित्रांनो. माझ्यावर आता शेंगदाणे वाळतात, कोंबड्या बसतात, तेव्हा तुम्हीही खुशाल टेका. फक्त माझ्या अंगावरची ही दोन भोकं बघून 'केवढी प्रार्थना झाली असेल हिच्यावर' असं म्हणू नका. ते मला ऐकवत नाही.

शिंदीच्या कोवळ्या पानांपासून मी झाले. नोएलिनाच्या आत्याने ती पानं उकळली, वाळवली, जांभळ्या रंगात बुडवली आणि केळीच्या सावलीत बसून मला विणलं. भाची त्या वर्षी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणार होती. पांढरा झगा घालून लेक वेदीसमोर उभी राहील, एवढंच बघायचं नोएलिनाच्या आईच्या मनात राहिलं होतं. आजाराने ती बाई अंथरुणाला खिळली होती.

टेकडीवरच्या चॅपलमध्ये मुकीबी मास्तर मुलांना धर्मशिक्षण देत. माणूस भला, पण भलेपणाची घाई फार. ते मुलांना सांगत, "इथली प्रार्थना सगळ्यांच्या कानांसाठी. घरची तुमची आणि देवाची. चटई टाका, दार लावा, आपल्या शब्दांत बोला. आणि ती बाहेर कुणाला सांगत फिरू नका."

मुलं हो म्हणत आणि घरी जाऊन फणस खात. मास्तरांच्या ते ध्यानात आलं. मग त्यांनी फर्मान काढलं, की दर शनिवारी चटया घेऊन या. गुडघ्यांच्या खुणा बघून कोण प्रार्थना करतं ते मी ओळखेन.

झालं! अकिलेओ नावाच्या एका हुशार पोराने दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंड्याने घासून आपली चटई झिजवली आणि मास्तरांची शाबासकी मिळवली. पुढच्या शनिवारी सगळ्याच चटया झिजलेल्या. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी मात्र एक काडीही झिजली नव्हती.

नोएलिना प्रार्थना करत नव्हती का? अहो, सगळ्या पोरांत ती एकटीच करत होती. पण मी तिच्या गुडघ्यांखाली नव्हते, तिच्या आईखाली होते. आईला आता लघवी आवरत नव्हती, आणि गादी एकच. म्हणून पोरीने मला आईखाली सरकवलं आणि स्वतः उघड्या जमिनीवर गुडघे टेकले. रोज पहाटे मला धुवायची. आईने तिला बजावलं होतं, "कुणाला सांगू नकोस हं, बाळा. बाईमाणसाची लाज आहे ही."

तिची प्रार्थना मी ऐकली आहे. "देवा, मी नोएलिना. आईला तेवढा दिवस बघू दे. झगा मामेबहिणीचा आहे, लांब होतो, पण चालेल." बस, एवढीच. असं बोलणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

त्याच शनिवारी मास्तरांनी मला उलगडलं. गुडघ्यांची खूण नाही आणि मधोमध पिवळा डाग.

"प्रार्थनेच्या चटईवर बसून जेवतेस होय गं?" ते म्हणाले. मुलं हसली.

नोएलिना खाली बघत राहिली. बाहेर सांगू नका, असं मास्तरांनीच शिकवलं होतं, आणि आईनेही. ती दोघांचंही ऐकणारी मुलगी होती.

"ख्रिस्तप्रसादाला पुढच्या वर्षी ये," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, मला तोंड असतं तर! पण चटईला तोंड नसतं. पुढच्या वर्षापर्यंत आई राहिली नाही. झगा खुंटीवर तसाच होता, तिने तो लेकीच्या अंगावर पाहिला नाही. मास्तर दुखवट्याला आले, माझ्यावरच बसले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. त्यांना काही कळलं नाही.

नंतर एका शुक्रवारी नोएलिनाने मला घरामागे नेलं, एक खरबरीत दगड घेतला आणि घासायला बसली. आधी एक गुडघा, मग दुसरा. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

शनिवारी मास्तरांनी मला उंच धरलं. "बघा रे, आई गेली आणि पोर खरी प्रार्थनेला लागली. शिका हिच्याकडून."

झगा तिला आता बरोबर बसला. आत्या रडली, ढोल वाजले, कच्च्या केळ्यांचं मातोके शिजलं. नोएलिना आता मोठी झाली आहे. रविवारी चॅपलमध्ये गाते, आवाज गोड आहे. पण घरी दार लावून ती देवाशी एक शब्द बोललेली नाही. मी इथेच असते, मला ठाऊक आहे.

मित्रांनो, कुणी एकांतात देवाशी बोलत असेल, तर त्याच्या चटया तपासायला जाऊ नका. मी हे सांगते खरी, पण तुम्ही ऐकाल असं मला वाटत नाही. काल नोएलिनाची धाकटी लेक धर्मशिक्षणाला बसली. नोएलिनाने तिच्यासाठी नवी चटई आणली आणि तिच्या हातात तोच दगड दिला.