कोरा हात

नर्सने छकुलीच्या हातावर पेनाने आकडे घातले, प्रत्येकाशेजारी एक थेंब ठेवला आणि थेंबाथेंबातून सुईचं टोक हलकेच टोचलं. दूध, अंडं, गहू, शेंगदाणा. शेवटच्या दोन थेंबांत खायचं काहीच नव्हतं. पाच वर्षांची पोर हूं की चूं न करता बसली होती. तोंडं वाकडी झाली होती ती तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या आईची आणि आजीची.

“एवढ्याशा जिवाला टोचून काय मिळतं, देव जाणे,” आजी म्हणाली.

“दाणा खाऊन हिचा श्वास कोंडला होता, आई. तुम्ही तिथेच होतात.”

“ठसका लागला होता. तुला राईचा पर्वत करायची सवयच आहे.”

सुनेने दात आवळले. सोमवारपासून ती कामावर रुजू होणार होती आणि छकुली दिवसभर आजीच्या हवाली असणार होती. आज हातावर काही उठलं, तरच म्हातारी ऐकणार होती.

पाव तासाने नर्स परतली. हात कोरा होता. एकही गांधी उठली नव्हती.

“हातच्या काकणाला आरसा कशाला?” आजी खुलली. “आता तरी माझ्या नातीला माणसासारखं खाऊ दे.”

नर्स मात्र शेवटून दुसऱ्या थेंबाच्या जागेवरून बोट फिरवत राहिली.

“हा थेंब तुलनेसाठी असतो. इथे कुणालाही गांधी उठतेच. उठली नाही, म्हणजे औषध पोटात आहे. ॲलर्जीचं औषध आठवडाभर बंद ठेवायला सांगितलं होतं ना?”

“ते माझ्या कपाटात आहे, कुलपात,” सून म्हणाली.

“नाचता येईना अंगण वाकडं!” आजी फणकारली. “ॲलर्जीचं कुणी दिलंच नाही. काल पित्त उठलं होतं अंगावर, म्हणून पित्ताचं चमचाभर पाजलं.”

“कोणतं, आजी? दाखवता?”

आजीने पिशवीतून बाटली काढून ठणकन टेबलावर ठेवली. नर्सने नाव वाचलं आणि सुनेकडे पाहिलं. तेच औषध होतं.

“पित्त कशानं उठलं?” सुनेने विचारलं.

“चार दाण्यांनी कोणी मरत नाही.”

सुनेने बाटली उजेडात धरली. औषध तळाला गेलं होतं.

“ही कितवी, आई?”

आजी खिडकीबाहेर बघू लागली. छकुलीने कोरा हात पुढे धरला आणि बोटं मोजायला सुरुवात केली.