सॅक्सिफ्राजला गरमी सोसत नाही

सॉलिसिटरकीतून निवृत्त झाल्यावर माणसं विपश्यनेला जातात, नाहीतर सोसायटीचे चेअरमन होतात. मनमोहन धैर्यवानांनी दादरला चौथ्या मजल्यावर आल्प्स वसवायचं ठरवलं. आल्प्स तसा फार मोठा नव्हता, एका वाटीएवढ्या कुंडीत मावत होता. सॅक्सिफ्राज नावाचं ते रोप त्यांनी हिमाचलातल्या एका नर्सरीतून मागवलं होतं. बसक्या हिरव्या गुच्छासारखं, पानांच्या कडांना चुन्याची पांढरी किनार. मूळचं हे बर्फाळ कड्यांवर, दगडांच्या फटीत उगवणारं. बायको सुमतीबाई म्हणाल्या, "छान आहे. फुलकोबीचं पिल्लू वाटतं."

मनमोहनरावांनी तो अपमान गिळला आणि कामाला लागले. माती जवळपास नकोच. चुनखडीची बारीक खडी, भरड वाळू आणि चवीपुरतं पानांचं खत. रोपाच्या मानेभोवती पुन्हा खडी, म्हणजे गुच्छाला ओल लागत नाही. पाणी वरून द्यायचं नाही, कुंडी परातीत ठेवून बुडातून पाजायचं. उजेड भरपूर, पण दुपारचं ऊन नाही. आणि मुख्य म्हणजे रात्री गारवा.

हा शेवटचा नियम मे महिन्यात सुमतीबाईंच्या वाट्याला आला. बेडरूमचा एसी अठरावर आला तो वर चढेचना. आठवडाभर त्या शाल पांघरून झोपल्या, मग उशी घेऊन हॉलमध्ये पंख्याखाली गेल्या. "तुमचं चालू द्या," त्या जाताना म्हणाल्या, "मी आपली सपाट प्रदेशातली."

त्यातच लेकीच्या, मधुराच्या, मुलीचं बारसं आलं. सासर भोईवाड्यात, म्हणजे दादरहून टॅक्सीनं दहा मिनिटं. नेमकी त्याच सकाळी इमारतीची केबल जळाली आणि एसी बंद पडला.

"तू पुढे हो," मनमोहनराव म्हणाले. "मी याची सोय लावून येतो."

"नातीचं बारसं आहे, अहो!"

"तिला काय होणार आहे? ती याच हवेतली आहे."

सुमतीबाई दार ओढून निघून गेल्या. मनमोहनरावांनी रेशमी झब्बा चढवला, कुंडी पिशवीत घातली आणि परळचं मल्टिप्लेक्स गाठलं. तिथला गारवा त्यांना माहीत होता; मागे एकदा तिथून सर्दी घेऊन आले होते.

दारावरच्या वॉचमनने पिशवीत डोकावून पाहिलं. "साहेब, बाहेरचं खायला अलाऊड नाही."

"हे खायचं नाही. सॅक्सिफ्राज आहे."

"व्हेज असलं तरी नाही."

शेवटी मॅनेजर आला, कुंडीचा वास घेतला आणि एकदाचं आत सोडलं. मनमोहनरावांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आल्प्स ठेवला. पडद्यावर कुणीतरी कुणालातरी हेलिकॉप्टरमधून ढकलत होतं आणि रोप समाधानानं गार होत होतं. तेवढ्यात फोन वाजला. सुमतीबाईंचा व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर पाळणा, पाळण्यात तोंड वासून रडणारा एक लालबुंद चेहरा. कानात नाव सांगून झालं होतं, बायका हसत होत्या.

"अंकल, फोन!" मागून कुणीतरी ओरडलं.

मनमोहनराव स्क्रीनकडे बघतच राहिले. ते कपाळ धैर्यवानांचं होतं, शंकाच नको. पिशवी उचलून ते अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडले.

भोईवाड्यातल्या हॉलमध्ये पंखे गरम हवा फिरवत होते. मनमोहनरावांनी कुंडी खिडकीत ठेवली आणि घामेजलेले हात पुढे केले. मधुराने मुलगी त्यांच्याकडे दिली.

"नाव काय ठेवलं?"

"वेळेवर आला असतात तर कळलं असतं," मधुरा म्हणाली. त्यांचा चेहरा पडलेला पाहून मग हळूच पुटपुटली, "सलोनी."

सलोनीने आजोबांच्या झब्ब्याची गुंडी मुठीत धरून ठेवली. आजोबा तिच्याशी कायद्याच्या भाषेत बोबडं बोलू लागले. असा किती वेळ गेला, त्यांना कळलंच नाही. खिडकीची आठवण झाली तेव्हा मधुराची आतेसासू जाईबाई रिकामा तांब्या घेऊन तिथेच उभी होती.

"तुमचा झाड पार सुकान गेल्लां," ती मायेनं म्हणाली. "म्हणान मी पानी घातलंय. वरसून, चांगला न्हाऊक घातलंय."

बत्तीस वर्षं उलटतपासण्या ऐकलेल्या माणसाने ही साक्ष तशीच दाखल करून घेतली. "उपकार झाले," ते म्हणाले.

त्यांनी काय नाही केलं! घरी नेऊन खडी बदलली, गुच्छाला टेबलफॅनसमोर बसवलं. पण मधला कोंब काळा पडला आणि आठवड्यात कुजलेला आल्प्स बोट लावताच उपटून आला. वाटलं होतं तितके ते हळहळले नाहीत, कारण आता वेळच नव्हता. रोज सकाळी ते भोईवाड्यात हजर. खोलीचं तापमान किती हवं, उजेड कुठून यावा, दुपट्यातली ओल किती वेळात सुकली पाहिजे, सगळं त्यांच्याकडे तयार होतं. थर्मामीटर तर ते स्वतःचाच आणायचे.

पंधरा दिवसांनी मधुराने आईला फोन केला.

"आई, त्या नर्सरीचा नंबर आहे ना तुझ्याकडे? प्लीज, बाबांना अजून एक झाड मागवून दे."

"मुळीच नाही," सुमतीबाई म्हणाल्या. त्या बेडरूममध्ये ऐसपैस आडव्या पडल्या होत्या, आणि एसी चोविसावर होता.