तीन तासांत निघायची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी, कापराच्या लाकडाची पेटी आहे. चीनच्या किनाऱ्यावरच्या, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मकाव बंदराजवळच्या लाम सुताराने मला एका नवरीसाठी घडवलं, पण लग्न मोडलं आणि मी सरकारी कचेरीत आले. माझ्यात ठेवलेल्या कागदांना कसर लागत नाही, एवढ्या एका गुणावर तिथे माझा मान होता.

मग तो अस्वस्थ हिवाळा आला. सरकारविरुद्ध रोज मोर्चे निघत. चिनी दुकानदार पोर्तुगीजांना भाजीसुद्धा विकेनासे झाले. तेव्हा लिस्बनहून आलेल्या आब्रांतेस साहेबांनी गुप्त यादी केली. राज्य सोडावं लागलं तर तीन तासांत निघायचं, आणि बोटीवर कचेरीची एकच पेटी, दोन माणसांना उचलेल एवढीच. त्या पेटीत मेजवानीची चांदी.

यादी टाइप केली लिओनिल्डाने; तिला सगळे दोना, म्हणजे बाई, म्हणत. ती इथेच जन्मलेली, आई चिनी, बाप पोर्तुगीज. तिने विचारलं, "आणि जन्मनोंदीची पुस्तकं, साहेब?"

"जागा उरली तर बघू."

जागा उरणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. तालमीसाठी मला भरत, उपसत, पुन्हा भरत. माझ्या जिवाला चैन नव्हतं. म्हातारा हमाल आ-विंग कण्हत म्हणायचा, "दोना, हे सरकार शरण जाईल की नाही ठाऊक नाही, माझी कंबर मात्र आजच जाणार."

एका दुपारी दोना आणि आ-विंगने मला गुपचूप रिकामं केलं. चांदी जेवणघराच्या कपाटात गेली आणि माझ्यात पुस्तकं आली. आ-विंगने मला एका बाजूने दोनदा उचलून पाहिलं. "तेवढंच वजन. साहेबांना कळायचं नाही."

आठवड्याने निघायची खूण आली. मला धावतपळत धक्क्यावर नेलं. बोटीचं इंजिन धडधडत होतं आणि माझ्या बिजागऱ्याही थरथरत होत्या. मला चढवणार तोच निरोप आला, मोर्चेवाल्यांशी तडजोड झाली, कोणी निघायचं नाही.

परत आल्यावर पाहुण्यांसाठी चांदी हवी म्हणून साहेबांनी माझं झाकण उघडलं, आणि बघतच राहिले.

"चांदी कुठे आहे?"

"कपाटात," दोना म्हणाली. "राज्य गेलं असतं तरी नव्या मालकांना ताटं लागलीच असती."

"आणि हे काय?"

"हे आम्ही. माझे भाऊ, मी, अर्धी गल्ली. तुमच्यासाठी बोट होती, साहेब. आमच्यासाठी नव्हती. ही पुस्तकं इथे जळली असती तर आम्ही पोर्तुगीज आहोत, हे कशाच्या आधारावर सांगायचं?"

साहेब बराच वेळ एक पान वाचत राहिले. मग म्हणाले, "यादी पुन्हा टाइप करा." यादी बदलली, पण दोनाची बढती कायमची अडली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे राज्य खरंच गेलं, पण बऱ्याच वर्षांनी, बँडबाजा वाजवत. चांदी आधीच कापसात गुंडाळून रवाना झाली होती. आता मी एका घराच्या दाराजवळच्या बोळात पडून आहे. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवतात. ठेवा बापडे. पण बाहेर कोणी धावत गेलं की माझ्या बिजागऱ्या अजून थरथरतात.

मित्रांनो, कधी घाईने निघायची वेळ आलीच, तर पेटी भरण्याआधी एकदा विचारा, मागे कोण राहतंय.